तुरीचे ज्येष्ठ पैदासकार सर आणि केंद्रावर येणारा नवा माणूस: स्मृतिलेखासाठी आठवणी हव्या आहेत

तिफण:

नमस्कार. मी मराठवाड्यातल्या एका कृषी संशोधन केंद्रावर तुरीच्या पैदास विभागात, म्हणजे नवे वाण तयार करणाऱ्या विभागात, कनिष्ठ पदावर आहे. आमचे ज्येष्ठ पैदासकार सर, जे निवृत्तीनंतरही शेंगा भरायच्या दिवसांत शेतावर चक्कर टाकून जात, ते गेल्या महिन्यात वारले. कुटुंबीयांना विचारलेले नसल्यामुळे मी इथे त्यांचे नाव लिहीत नाही. ज्यांनी त्यांच्यासोबत काम केले ते ओळखतीलच.

केंद्राच्या स्मरणिकेसाठी त्यांच्यावर लेख लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. हाती त्यांचा छापील परिचय आहे, त्यात परभणीचे शिक्षण, पदे, शोधनिबंध, समित्या, सत्कार असे सगळे आहे आणि ते सगळे खरेही आहे, परंतु तो वाचून माणूस काही डोळ्यांसमोर उभा राहत नाही. मी रुजू झाले तेव्हा ते निवृत्त होऊन बराच काळ लोटला होता. तरीसुद्धा आमच्याकडे नवा माणूस आला की त्याला ज्या रीतीने कामात घेतले जाते ती रीत सरांनी घालून दिलेली आहे, असे शिपायापासून प्रभारी अधिकाऱ्यांपर्यंत प्रत्येक जण सांगतो. मला त्याबद्दल लिहायचे आहे. नव्या सहकाऱ्याला ते सुरुवातीला काय करायला लावत, काय त्याच्या स्वाधीन करत आणि काय स्वतःजवळ ठेवत, हे ज्यांनी अनुभवले त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. 'पितृतुल्य' आणि 'ऋषितुल्य' ही विशेषणे माझ्याकडे पुरेशी जमा झाली आहेत, त्यामुळे ती नसली तरी चालतील.

आणखी एक शंका आहे. अमुक एक वाण सरांनी दिला, असे लेखात थेट लिहावे की नाही यावर आमच्याकडे दोन मते पडली आहेत. जाणकारांनी सांगावे.

गोदाकाठ:

ताई, तुमच्या शंकेचे उत्तर तुमच्या मूळ प्रश्नातच दडलेले आहे, म्हणून दोन्हींबद्दल एकत्र लिहितो.

तुरीचा वाण तयार करायचा म्हणजे संकर केल्यापासून शेतकऱ्याच्या हाती पिशवी पडेपर्यंत दहा-बारा वर्षे सहज जातात. खरिपाचे लांब मुदतीचे पीक असल्यामुळे वर्षाला एकच पिढी पुढे सरकते. दुसऱ्या पिढीत झाडांची निवड करायची, सहाव्या-सातव्या पिढीपर्यंत ओळी (निवडलेल्या झाडांपासून पुढे चालवलेले वंश) स्थिर होण्याची वाट पाहायची, त्यानंतर केंद्रावरच्या चाचण्या, विद्यापीठाच्या इतर केंद्रांवरच्या चाचण्या, अखिल भारतीय समन्वित प्रकल्पातल्या चाचण्या, शेतकऱ्यांच्या शेतावरच्या चाचण्या, आणि एवढे सगळे पार पडले तर जॉइंट ॲग्रेस्कोपुढे, म्हणजे राज्यातल्या कृषी विद्यापीठांच्या संयुक्त संशोधन बैठकीपुढे, प्रस्ताव. तोवर पैदासकाराची बदली झालेली असते, बढती झालेली असते किंवा तो निवृत्त तरी झालेला असतो. ज्याने संकर केला त्याच्याच कारकिर्दीत वाण प्रसारित झाला, असे क्वचितच घडते. सरांना ही गोष्ट फार लवकर उमगली होती आणि नव्या माणसाशी ते जसे वागत त्याचे मूळ तिथे होते, असे माझे मत आहे. पुष्कळ लोक त्याचे सगळे श्रेय त्यांच्या चांगुलपणाला देतात. चांगुलपणा होताच, परंतु आज आलेला हा पोरगा तयार झाला नाही तर आपल्या पाचव्या पिढीतल्या ओळी उद्या बियाण्याच्या खोलीत भुंगेरे खाऊन टाकतील, हा रोकडा हिशेबही त्यामागे होता, आणि तो हिशेब ते आम्हाला मोकळेपणाने सांगतही असत.

मी रुजू झालो तेव्हा दिवाळी नुकतीच झाली होती. बसायची जागा ठरायच्या आधीच सरांनी मला मर रोगाच्या प्लॉटवर नेले. ज्यांना हा प्रकार माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. त्या तुकड्यात तुरीशिवाय दुसरे पीक घेत नाहीत आणि मर लागून वाळलेल्या झाडांची धसकटे दरवर्षी त्याच मातीत मिसळतात, जेणेकरून फ्युजेरियम बुरशी सगळीकडे सारखी राहावी. दर काही ओळींनंतर रोगाला हमखास बळी पडणाऱ्या वाणाची एक ओळ पेरलेली असते. ती वाळली तरच शेजारच्या ओळीच्या हिरवेपणाला किंमत असते. सरांनी एक सुकू लागलेले झाड उपटले, चाकूने खोडाची साल बुडापासून वर सोलली आणि आतली काळपट रेघ कुठवर चढली आहे ते बोट ठेवून दाखवले. मग चाकू माझ्या हातात देऊन पलीकडचे झाड सोलायला सांगितले. वरून पाहता ते तसेच सुकलेले होते, पण आतून खोड स्वच्छ निघाले, रेघ नव्हतीच; ते बिचारे मुळाशी किडीने कुरतडल्यामुळे सुकले होते. 'वरवर पाहून याच्यापुढे मर लिहिली असती तर विनाकारण एक ओळ गेली असती', एवढे बोलून ते पुढच्या ओळीकडे वळले. माझे प्रशिक्षण म्हणाल तर एवढेच, आणि त्याच दिवसापासून त्या प्लॉटची मोजणी माझ्याकडे आली.

थोड्याच दिवसांत त्यांनी मला वंशावळीच्या नोंदवह्यांचे कपाट उघडून दिले. त्या काळी ज्येष्ठ लोक ही कपाटे सहसा कुलूपबंद ठेवत आणि नव्या माणसाच्या वाट्याला वार्षिक अहवालाचे तक्ते जुळवणे यायचे. सरांच्या वह्यांत निवडलेल्या ओळींइतक्याच बारकाईने नाकारलेल्या ओळीही लिहिलेल्या असत, आणि प्रत्येकीपुढे कारण असे: शेंगा चांगल्या पण झाड लोळते, दाणा टपोरा पण रंग बाजारात चालणार नाही, भारी जमिनीत उत्तम पण हलक्या रानात मुदत पुरत नाही. दुसऱ्याने टाकून दिलेले का टाकले हे कळले की नव्या माणसाची कित्येक वर्षे वाचतात. पुढच्याच खरिपात चौथ्या पिढीतल्या ओळींचा एक संच त्यांनी माझ्या नावे लावला. त्यातले संकर त्यांचे होते, आधीच्या निवडीही त्यांच्याच होत्या, तरी त्यापुढे काय ठेवायचे आणि काय टाकायचे हे त्यांनी माझ्यावर सोपवले. मी एक ओळ टाकली तेव्हा त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता, पण ते बोलले नाहीत. त्या ओळीचे मूठभर बियाणे मात्र त्यांनी गुपचूप काढून ठेवले होते, हे मला बऱ्याच काळाने समजले.

आणखी एक गोष्ट लेखात यायलाच हवी. संकर कसा करायचा हे नव्या शास्त्रज्ञाला सर स्वतः शिकवत नसत. ते काम त्यांनी शेतावरच्या मजूर बायकांकडे दिले होते आणि आलेल्या माणसाने त्यांना मावशी म्हणायचे, अशी सक्त ताकीद होती. तुरीच्या फुलात परागकोश फूल उमलण्याच्या आधीच, मिटलेल्या कळीत फुटतात. म्हणून कळी नेमकी कोणत्या दिवशी घ्यायची ही सारी मेख असते. पिवळी भरून आलेली कळी घेतली तर उशीर झालेला असतो. पाकळ्या अलगद बाजूला करून दहाही पुंकेसर, त्यांतले नऊ एका जुडग्यात आणि एक सुटा, स्त्रीकेसराला धक्का न लावता चिमट्याने काढायचे, दुसऱ्या झाडाचे पराग लावायचे आणि देठाला रंगीत दोरा बांधायचा. एवढे करूनही बऱ्याच कळ्या गळून जातात. मावशींचे दोरे आणि आमचे दोरे शेजारीशेजारी असत आणि काढणीला कोणाच्या दोऱ्याखाली किती शेंगा टिकल्या हे सगळ्यांदेखत मोजले जाई. पदवीचा ताठा उतरवायला याहून सौम्य उपाय मला तरी माहीत नाही.

ॲग्रेस्कोची_फाईल:

गोदाकाठ यांनी पार्श्वभूमी नीट मांडली आहे, म्हणून मी केवळ वाणाच्या श्रेयाबद्दल लिहितो. 'सरांनी अमुक वाण दिला' असे वाक्य लेखात घालू नये. आपल्याकडे वाणाच्या नावात माणूस नसतो; बीडीएन ही अक्षरे बदनापूर केंद्राची आहेत आणि बीएसएमआर म्हटले की वांझ रोगाला (ज्यात झाडाला फुले-शेंगा लागत नाहीत) प्रतिकार करणारे बदनापूरचे वाण. बीएसएमआर 736, बीएसएमआर 853, बीडीएन 711, बीडीएन 716 आणि अलीकडचा गोदावरी ही सगळी मालिका अनेक हातांतून पुढे आलेली आहे. प्रस्तावात पैदासकारांबरोबर रोगशास्त्रज्ञ, कीटकशास्त्रज्ञ, चाचण्या घेणारी केंद्रे या सगळ्यांचा वाटा नोंदलेला असतो. त्या प्रती काढून पाहा आणि सरांचा सहभाग ज्या टप्प्यावर होता तो टप्पा लिहा, उदाहरणार्थ संकर, निवड, रोगचाचणी किंवा शेतकऱ्यांच्या शेतावरच्या चाचण्या. वाचकाला त्यातून अधिक कळेल आणि उद्या कोणी हरकतही घेणार नाही.

पर्णगुच्छ:

मी वनस्पती रोगशास्त्राची. नव्वदच्या दशकात त्या केंद्रावर रुजू झाले तेव्हा शेतावर काम करणारी एकमेव महिला शास्त्रज्ञ मीच होते. वरच्या बहुतेक गोष्टींशी मी सहमत आहे, तरी लेख एकसुरी होऊ नये म्हणून थोडे वेगळे लिहिते.

सर कडक होते आणि काही वेळा ते गरजेपेक्षा जास्त कडक होत. प्लॉटचे लेबल गळून पडलेले दिसले की ते चारचौघांत बोलत, आणि नव्या मुलांपैकी काहींना ते जिव्हारी लागे. त्यातला एक हुशार मुलगा दुसऱ्या पिकाकडे बदली मागून गेला, तो तूर संशोधनाचा तोटाच झाला असे मला आजही वाटते. संगणकाबद्दल त्यांना उगाच अढी होती. शेवटपर्यंत त्यांनी नोंदी हातानेच केल्या, त्यामुळे त्यांच्या मागून आलेल्या लोकांचे पुष्कळ दिवस वह्या संगणकावर उतरवण्यात गेले. हे लिहिल्याने त्यांचा मान कमी होत नाही.

आता स्वागताबद्दल. तुरीचा वांझ रोग हे माझे काम. या रोगाची नोंद 1931 साली बिहारमधल्या पुसा येथे झाली, परंतु त्याला कारणीभूत असलेला विषाणू विसावे शतक संपत येईपर्यंत नेमका ओळखता आला नव्हता. तो डोळ्यांना न दिसणाऱ्या एका कोळ्यामार्फत पसरतो, एवढे मात्र ठाऊक होते. त्यामुळे एखादी ओळ प्रतिकारक आहे की नाही हे पाहण्यासाठी हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेत बसवलेली पद्धत वापरत. रोपे जेमतेम दोन पानांची असताना रोगट झाडाचे पान दुमडून रोपाच्या पानावर चक्क स्टेपलरने टाचायचे, म्हणजे ते रोगट पान वाळू लागले की कोळी निरोगी पानावर उतरतात. पावसाळ्यात चिखलात उकिडवे बसून शेकडो रोपांना टाचण्या मारणारी मी आणि 'मॅडम फाईल करायल्या का काय' म्हणून हसणारे मजूर, असे ते दृश्य होते. सर पाहायला म्हणून आले, शेजारी बसले, स्टेपलर मागून घेतला आणि एक ओळ पुरी करूनच उठले. त्यानंतर कोणी हसले नाही.

त्यापेक्षा मोठी गोष्ट पुढे घडली. सरांची एक लाडकी ओळ होती आणि तिचे उत्पन्न सगळ्या चाचण्यांत वर होते. माझ्या नोंदींत ती रोपावस्थेत निरोगी दिसत होती, परंतु फुलोऱ्याच्या वेळी तिच्या बऱ्याच झाडांचे शेंडे फिकट पडून झुडूपवजा होत होते आणि त्यांना फुलेच लागत नव्हती. हंगामाच्या बैठकीत ते सांगायची मला धास्ती वाटत होती, कारण मी सगळ्यांत नवी आणि ती ओळ पुढच्या वर्षी समन्वित चाचण्यांत जाणार हे जवळजवळ ठरलेले होते. सरांनी माझा तक्ता दोनदा वाचला, कोणत्या तारखेला मोजणी केली ते विचारले, दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्यासोबत प्लॉटवर येऊन झाडे पाहिली आणि परत आल्यावर सगळ्यांसमोर यादीतल्या त्या ओळीवर काट मारली. खाली कारण लिहिले आणि कारणापुढे माझे नाव लिहिले. आपल्याकडे नव्या माणसाचे म्हणणे ऐकून घेणारे लोक सापडतात. त्याच्या म्हणण्यावर स्वतःची सात-आठ वर्षांची मेहनत रद्द करणारे मी तरी दुसरे पाहिले नाहीत.

एक किरकोळ वाटणारी पण माझ्या दृष्टीने महत्त्वाची बाब. शेतावर तोवर स्त्रियांसाठी स्वच्छतागृह नव्हते. मजूर बायकांची अडचण कोणी अडचण म्हणून मोजतच नव्हते. मी येणार असे कळल्यावर सरांनी त्याचा पाठपुरावा करून ते बांधून घेतले आणि त्याची किल्ली ज्येष्ठ मावशींकडे दिली, कार्यालयात ठेवली नाही. ते सगळ्यांसाठी आहे, हे त्यातून आपोआप ठरून गेले.

कोप_आणि_अंबील:

मी मूळचा सिंधुदुर्गातला आणि शिक्षण दापोलीचे. पहिली नेमणूक मराठवाड्यात झाली तेव्हा काळी जमीन, ज्वारी आणि बोलण्याची ढब, सगळेच मला परके होते. सरांचे गाव लातूर जिल्ह्यात. ते दरवर्षी वेळ अमावस्येला त्या वर्षी रुजू झालेल्या सगळ्यांना आपल्या रानात घेऊन जात. कडब्याची कोप, तिच्यात चुना लावलेल्या पाच दगडांची पूजा, ओल्या तुरीच्या आणि हरभऱ्याच्या दाण्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, माठातली अंबील. येळवशीचा (वेळ अमावस्येचा) हा थाट बाहेरच्या माणसाला दुसऱ्या कोणी दाखवला नसता. आमच्यातल्या एका विदर्भातल्या सहकाऱ्याने अंबील इतकी प्याली की दुपारी तो कोपीतच झोपून गेला आणि सरांच्या आईने त्याला कोणी उठवू दिले नाही.

पण सरांचा बेत निव्वळ जेवणाचा नसे. जेवणे झाली की शेजारपाजारचे शेतकरी जमत आणि सर आमची ओळख करून देताना, हे तुरीचे नवे साहेब आहेत, काय विचारायचे ते आता यांनाच विचारा, असे म्हणून स्वतः मागे सरकून बसत. त्या वर्षी एका वयस्क काकांनी मला विचारले की, तुमची तूर भारी रानात डोक्याएवढी होते हे खरे, परंतु आमच्या माळावर ओल संपली की शेंगा पोचट राहतात, त्याला तुमच्याकडे काय उपाय आहे. माझ्याकडे उपाय नव्हता. सरांनी परतीच्या वाटेवर जीपमध्ये तो विषय उलगडून सांगितला. आपल्याकडे पाऊस सप्टेंबरअखेरीस आटोपतो, हलक्या जमिनीत नोव्हेंबरात ओल तुटते आणि नेमक्या त्याच वेळी 175-180 दिवसांच्या वाणाचे दाणे भरत असतात. म्हणून उत्पन्नाचे आकडे पाहण्याआधी मुदतीचे आकडे पाहायला शिका, असे त्यांचे सांगणे होते. पुढे 150 ते 155 दिवसांत येणारा बीडीएन 711 प्रसारित झाला (2012) आणि माळरानावर, सोयाबीनच्या जोडीला आंतरपीक म्हणून तो का पसरला, हे मला वेगळे समजून घ्यावे लागले नाही.

परभणीला 18 मे रोजी विद्यापीठाच्या वर्धापनदिनी खरीप परिसंवाद असतो, तिथेही ते असेच करत. शेतकऱ्यांच्या प्रश्नोत्तरांना स्वतः उभे न राहता कनिष्ठ माणसाला पुढे करत आणि मागच्या रांगेत बसत. उत्तर अडले तर चिठ्ठी पाठवत. काही ज्येष्ठांना हे आवडत नसे, शिष्टाचारात बसत नाही असे त्यांचे म्हणणे होते.

तिफण:

आपण सर्वांनी इतक्या तपशिलाने लिहिले याबद्दल मनःपूर्वक आभार. वाणाच्या श्रेयाबाबत ॲग्रेस्कोची_फाईल यांनी सुचवल्याप्रमाणे मी प्रस्तावांच्या प्रती मागवत आहे आणि लेखात सरांचा सहभाग टप्प्यानुसारच देईन. पर्णगुच्छ मॅडम, कडकपणाबद्दलचा परिच्छेद मी ठेवणार आहे. संपादक मंडळात त्यावर चर्चा होईल असे दिसते, परंतु तो काढला तर यादीवर काट मारण्याच्या प्रसंगाचे वजन राहणार नाही, असे मी त्यांना सांगेन. लाडक्या ओळीवर काट मारलेले ते पान लेखासोबत छापावे असे मनात आहे. त्या वर्षाची नोंदवही आमच्या कपाटात मला सापडली नाही. ती कुठे असू शकेल, हे कोणी सांगू शकेल का?

पर्णगुच्छ:

ती वही पैदास विभागाच्या कपाटात मिळणार नाही, कारण तो तक्ता रोगचाचणीचा होता. जुन्या प्रयोगशाळेत खिडकीखालच्या लोखंडी कपाटात हिरव्या पाठीच्या वह्या आहेत, त्यांत पाहा. पाने ठिसूळ झाली आहेत, त्यामुळे शिवण न उसवता वरूनच छायाचित्र घ्यावे. पान छापताना ओळींचे क्रमांक वाचता येतील एवढे मोठे ठेवा आणि माझे नाव दिसले तर दिसू द्या, माझी हरकत नाही. छपाईपूर्वी तक्त्यातल्या संज्ञा तपासून द्यायला मी तयार आहे.

गोदाकाठ:

वही सापडली की मलाही कळवा. मी टाकलेल्या ओळीचे सरांनी ठेवलेले बियाणे पुढे कोणत्या क्रमांकाने लावले होते, हे मला त्यात पाहायचे आहे.